काट्याच्या पावतीवरचं अक्षर

फेब्रुवारीच्या अखेरीस एका दुपारी तिघं जण जळगावला माझ्या दवाखान्यात आले. पुढे थोरला भाऊ, मागे बायको आणि मध्ये ३४ वर्षांचा माणूस. खुर्चीकडे वळायला त्याला पाच-सहा लहान पावलं टाकावी लागली. मान, खांदे, कंबर सगळं एकदम वळत होतं, पाठीला फळी बांधल्यासारखं. हात अंगाला चिकटलेले, ओठांच्या कोपऱ्यात लाळ. बसल्यावरही पाठ खुर्चीला टेकली नाही. भाऊ म्हणाला, "डाक्टरसाहेब, मना भाऊ लाकूड व्हई गया."

त्याच्या परवानगीने हे लिहितो आहे. गाव, कामाचं ठिकाण आणि तारखा ओळख पटू नये इतक्या बदलल्या आहेत. औषधं, त्यांचे डोस आणि मोजमापं तशीच ठेवली आहेत, कारण सांगण्यासारखं जे आहे ते त्यांच्यातच आहे.

सोबत आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. निदान सिझोफ्रेनिया. आवाज येणं थांबलं आहे, संशय नाही, पण मंदपणा आणि उदासीनता वाढत चालली आहे, औषध वाढवूनही फरक नाही. चिठ्ठी वाचून मीही त्याच वाटेने निघालो. झोप, भूक, मन लागतं का, मुलीशी बोलता का, असं विचारत राहिलो. उत्तरं एका शब्दात, सपाट आवाजात येत होती. या आजारात आवाज आणि भ्रम गेल्यावर मागे एक रिकामेपण राहतं. माणूस बोलत नाही, हसत नाही, काही करावंसं त्याला वाटत नाही. हे तेच असावं असं मी जवळजवळ धरून चाललो होतो.

आमच्याकडे केसपेपरवर रुग्ण स्वतः नाव लिहितो. त्याने लिहायला घेतलं. पहिलं अक्षर ठीक, दुसरं लहान, आडनावापर्यंत पोचेस्तोवर शिरोरेषेखाली मुंग्यांची रांग लागल्यासारखी अक्षरं. मी प्रश्न बंद केले आणि उठून त्याचा हात हातात घेतला.

आधीची हकीकत

तो एका लहान जिनिंगमध्ये काट्यावर बसायचा. कापसाची गाडी आली की भरलेली आणि रिकामी अशी दोन वजनं घ्यायची, वजाबाकी करायची आणि पावती फाडून द्यायची. आकडा यंत्रावर दिसत असला तरी तिथे पावती हातानेच लिहितात, खाली कार्बन घालून. दहा वर्षं हेच काम. अक्षर इतकं चांगलं की गावात लग्नपत्रिकांवर नावं घालायलाही त्यालाच बोलवायचे.

एक वर्षापूर्वी, हंगाम संपत असताना, काट्याच्या यंत्रातून कोणीतरी आपल्याबद्दल बोलतंय असं त्याला वाटू लागलं. मग घरीही आवाज यायला लागले. झोप उडाली. मालकाने आपल्या चहात काही घातलंय म्हणून त्याने चहा सोडला. घरच्यांनी आधी एका देवस्थानी नेलं, दीड महिना तिथे गेला. मग औषध सुरू झालं ते हॅलोपेरिडॉल, वाढवत दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत. सोबत ताठरपणा येऊ नये म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल, ज्याला आम्ही सगळे टीएचपी म्हणतो, २ मिलिग्रॅम. महिन्याभरात आवाज थांबले. हे त्या औषधाचं श्रेय आहे आणि ते मान्य केल्याशिवाय पुढचं लिहिणं अन्यायाचं होईल. माणूस घरी परत आला होता.

नोव्हेंबरात कापूस सुरू झाला आणि तो पुन्हा काट्यावर बसला. डिसेंबरात दोन गोष्टी एकदम घडल्या. पहिली म्हणजे टीएचपीमुळे तोंड कोरडं पडायचं आणि जवळचे आकडे धूसर दिसायचे. आकड्यांवर पोट असलेल्या माणसाने ती एक गोळी कोणाला न सांगता सोडून दिली. दुसरी म्हणजे गोळ्या चुकतायत अशी घरच्यांना शंका आली, म्हणून दर महिन्याचं हॅलोपेरिडॉल डेकॅनोएटचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन सुरू झालं. १० मिलिग्रॅमच्या गोळ्या मात्र बंद झाल्या नाहीत. इंजेक्शन रक्तात स्थिरावेपर्यंत काही काळ गोळी चालू ठेवतात, ती नंतर थांबवायची राहून गेली. जानेवारीच्या अखेरीस तो जास्तच "मंद" झाला म्हणून रिस्पेरिडोन हे त्याच जातीचं दुसरं औषध, ४ मिलिग्रॅम, जोडलं.

हिशेब करून पाहा. महिन्याला १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन म्हणजे ढोबळमानाने रोजच्या ५ ते १० मिलिग्रॅम गोळ्यांइतकं. त्यात तोंडाने १०. म्हणजे रोजचं १५ ते २० मिलिग्रॅम हॅलोपेरिडॉल, वर रिस्पेरिडोन, आणि ताठरपणा आवरणारी गोळी शून्य.

मधल्या काळात घरच्यांनी मालिश केली, वाताचे काढे दिले, कुठेतरी कॅल्शियमची आणि बी-१२ची इंजेक्शनं झाली. स्नायू आखडला म्हणजे दोष स्नायूत, हे कोणालाही वाटेल. इथे स्नायू निर्दोष होता. त्याला वरून चुकीचा हुकूम येत होता.

हाताने तपासणी

कोपर वाकवताना शिशाची नळी वाकवावी तसा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच विरोध. मनगट फिरवलं की सायकलच्या चेनचे दात एकेक अडकावेत तसं टक-टक. दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलून सोडायला सांगितलं. निरोगी माणसाचे हात मांडीवर आदळतात आणि थाप ऐकू येते. याचे हात हळूहळू उतरले, आवाज नाही. कपाळावर दोन भुवयांमध्ये बोटाने टिचक्या मारल्या की चार-पाच वेळा पापणी लवते आणि मग माणूस सरावतो. हा सरावलाच नाही. मोजण्यासाठी १९७० साली प्रसिद्ध झालेली सिम्पसन-अँगस श्रेणी वापरली. चाल, खांदा, कोपर, मनगट, लाळ, कंप अशा दहा बाबी, प्रत्येकीला ० ते ४ गुण, बेरजेला दहाने भागायचं. ०.३ पर्यंत सामान्य. याची बेरीज १९, म्हणजे १.९.

ताठरलेला माणूस समोर आला म्हणून लगेच औषधावर बोट ठेवून चालत नाही. चार शक्यता तपासायलाच हव्या होत्या.

सगळ्यात आधी न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम, कारण त्यात जीव जाऊ शकतो. पॅरिसच्या झाँ डिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये त्याचं वर्णन केलं. प्रचंड ताठरपणा, ताप, घाम, वर-खाली होणारं रक्तदाब-नाडीचं मान आणि झाकोळलेली शुद्ध. स्नायू इतके आवळतात की फुटू लागतात, त्यांच्यातून रक्तात उतरणारं सीपीके हे द्रव्य हजारोंत जातं आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. याला ताप नव्हता, नाडी ८४, शुद्ध स्वच्छ. सीपीके २६०. थोडं जास्त आहे खरं, पण दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेतल्यानेही ते एवढं वाढतं.

मग कॅटॅटोनिया. त्यातही माणूस गोठतो, बोलत नाही, हात जिथे ठेवाल तिथे राहतो. ओळख चुकली तर मोठी पंचाईत, कारण कॅटॅटोनियात ही औषधं प्रकृती बिघडवू शकतात आणि लोराझेपाम कामाला येतं. हा मात्र सांगितलेलं सगळं करत होता. हळू, पण करत होता.

तिसरा विल्सनचा आजार, ज्यात तांबं यकृतात आणि मेंदूत साठतं. तरुण माणसात मानसिक लक्षणं आणि ताठरपणा एकत्र आले की रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबं वाहणारं प्रथिन, तपासायचं आणि नेत्रतज्ज्ञाकडून बुबुळाच्या कडेचं तांबूस कडं पाहून घ्यायचं. हा आजार विरळा आहे, पण वेळेवर सापडला तर औषध आहे, म्हणून मी ती तपासणी सोडत नाही. दोन्ही निर्दोष निघालं.

चौथा म्हणजे खरा पार्किन्सन. तो बहुधा एका बाजूने सुरू होतो, बसल्या हाताचा कंप दिसतो आणि या वयात क्वचित असतो. इथे दोन्ही बाजू सारख्या होत्या आणि सगळं काही आठवड्यांत घडलं होतं.

पण आठवडे नेमके कोणते? बायकोला आठवत नव्हतं. "हळूहळू झालं," एवढंच ती सांगत होती. तेव्हा भावाला म्हटलं, जिनिंगमध्ये जुनी पावतीपुस्तकं असतील तर घेऊन या.

पावत्या

पुढच्या खेपेला तो कापडी पिशवीत अकरा पुस्तकं घेऊन आला, दोन हंगामांची. प्रत्येक पावतीवर तारीख, प्रत्येकीवर त्याच हाताचे आकडे. मी आणि तो, आम्ही दोघांनी बसून पट्टीने आकड्यांची उंची मोजली. त्याला हे काम जमत होतं. इतका वेळ न हललेला चेहरा तसाच होता, पण एका पावतीवर त्याने स्वतःहून बोट ठेवलं.

आजाराआधीच्या हंगामात आकडे ६ ते ७ मिलिमीटर. यंदाच्या नोव्हेंबरात, हॅलोपेरिडॉल १० आणि टीएचपी चालू असताना, ५. डिसेंबरच्या मध्यावर टीएचपी सुटली आणि पहिलं इंजेक्शन पडलं, त्यानंतर पंधरा दिवसांत ४. दुसऱ्या इंजेक्शननंतर, जानेवारी संपताना, ३. रिस्पेरिडोन जोडल्यावर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात २. पावतीच्या डाव्या कडेला आकडे त्यातल्या त्यात मोठे, उजवीकडे जाता जाता बारीक.

त्याने बोट ठेवलं होतं ती पावती १९ क्विंटलची. बारीक झालेल्या ९ चं डोकं मिटलं होतं आणि कॅशियरने ते ११ वाचलं. शेतकऱ्याला आठ क्विंटलचे पैसे कमी मिळाले. दुसऱ्या दिवशी यंत्रावरच्या नोंदीवरून चूक निस्तरली, पण त्याआधी काट्यापाशी आरडाओरड झाली आणि मालकाने याला घरी बसवलं. "डोकं अजून ठिकाणावर नाही," असं गावभर झालं. डोकं ठिकाणावरच होतं, वजाबाकी बिनचूक होती. हात चालत नव्हता.

आणि घरी बसलेला, बोलत नसलेला माणूस बघून औषध आणखी वाढलं असतं. हे चक्र असंच फिरतं. औषधाने ताठरपणा येतो, तो ताठरपणा आजाराचा मंदपणा समजला जातो, मंदपणासाठी औषध वाढतं. रिकामेपण आलेल्या रुग्णाचाही चेहरा कोरा असतो, पण त्याचं कोपर सैल असतं. फरक डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतो. गर्दीच्या ओपीडीत हात लावायला वेळ नसतो हे मला ठाऊक आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं, त्यांतलं एकही खानदेशात नाही. इथला रुग्ण लांबून येतो, रांगेत बसतो आणि पाच मिनिटांत परत जातो. त्या पाच मिनिटांतलं अर्धं मिनिट कोपराला आणि अर्धं एका ओळीच्या लिखाणाला द्यावं, एवढाच माझा आग्रह आहे.

अक्षरावरून डोस ओळखण्याची ही कल्पना माझी नाही. जर्मनीतले मानसोपचारतज्ज्ञ हान्स-योआखिम हासे यांनी ती साठेक वर्षांपूर्वीच मांडली. त्यांचं म्हणणं असं की औषधाचा डोस वाढवत नेला की ढोबळ ताठरपणा दिसण्याच्या आधी अक्षर आखडतं, आणि ते आखडू लागतं तिथेच औषधाचा गुणही सुरू होतो. त्यापुढे जायचं कारण नाही. १९९१ मध्ये जोसेफ मॅकइव्हॉय आणि सहकाऱ्यांनी १०६ रुग्णांवर हे पडताळलं. ताठरपणाचा पहिला बारीक माग हॅलोपेरिडॉलच्या सरासरी ३.७ मिलिग्रॅमवर लागला. त्याहून बराच जास्त डोस दिलेल्या रुग्णांचे भ्रम काही जास्त कमी झाले नाहीत, अंगाचा त्रास मात्र वाढला. ३.७ आणि आमच्या रुग्णाचे १५ ते २०, हे दोन आकडे मी त्याच्या भावाला शेजारी-शेजारी लिहून दाखवले.

औषध असं का करतं

भावाला जसं समजावलं तसंच इथे लिहितो. डोपामीन हे मेंदूतलं एक रसायन. विहिरीचं पाणी जसं वेगवेगळ्या पाटांनी वेगवेगळ्या वाफ्यांत जातं, तसं ते निरनिराळ्या मार्गांनी जातं. एका पाटात ते जास्त झालं की आवाज आणि भ्रम. दुसऱ्या पाटावर हालचालीची लय अवलंबून, हात किती हलवायचा, अक्षर किती मोठं काढायचं. औषध रक्तातून जातं, त्याला पाट निवडता येत नाही, ते सगळीकडची दारं बंद करतं. हालचालीचा वाफा कोरडा पडला की मेंदूतला ब्रेक सुटत नाही आणि स्नायू सतत आवळलेले राहतात. त्याच वाफ्यात अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं दुसरं रसायन डोपामीनच्या धाकात असतं. धाक गेला की ते माजतं, आणि टीएचपी त्यालाच आवरते.

या समजुतीच्या मुळाशी आपल्याकडची सर्पगंधा आहे, हे मला नेहमी सांगावंसं वाटतं. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या मुळीचा वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर होणारा गुण नोंदवला. तिच्यातून काढलेलं रेसर्पिन १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना दिलं. ससे निपचित पडले, हलेनात. मग त्यांना डोपामीन ज्यापासून बनतं ते डोपा टोचलं आणि ससे उठून हिंडू लागले. डोपामीनशिवाय हालचाल नाही, हे तिथे दिसलं. पुढे पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन घटलेलं असतं हे व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांनी दाखवलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

क्लोरप्रोमाझीन १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात मनोरुग्णांना देणं सुरू झालं, हॅलोपेरिडॉल १९५८ मध्ये बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं. दोन्ही औषधांनी माणसं ताठरायची, आणि बराच काळ पुष्कळांचा समज होता की ताठरपणाशिवाय गुण नाही. प्रयोगशाळेत नवं औषध पारखायची रीतही तीच होती. उंदराचे पुढचे पाय आडव्या दांडीवर ठेवायचे आणि तो किती वेळाने खाली उतरतो ते मोजायचं. साधा उंदीर लगेच उतरतो, हॅलोपेरिडॉल दिलेला तसाच टांगून राहतो. क्लोझापीनने हा समज मोडला. ते उंदराला दांडीवर गोठवत नाही, माणसाला ताठर करत नाही, आणि तरी गुण देतं. १९८८ च्या जॉन केन यांच्या अभ्यासात इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांतही त्याचा उपयोग दिसला. पांढऱ्या पेशी घटण्याच्या धोक्यामुळे ते जपून, रक्त तपासत द्यावं लागतं, ही गोष्ट वेगळी.

नेमकं किती दार बंद झालं की काय होतं, हे पुढे पीईटी स्कॅनने मोजता आलं. टोरोंटोत शितिज कपूर आणि सहकाऱ्यांनी २००० साली पहिल्यांदाच आजारी पडलेल्या २२ रुग्णांना हॅलोपेरिडॉल दिलं, दिवसाला फक्त १ किंवा २.५ मिलिग्रॅम. डोपामीनची डी-२ ग्राहीस्थळं ६५ टक्क्यांच्या वर व्यापली की गुण येण्याची शक्यता वाढली, ७८ टक्क्यांच्या वर गेली की ताठरपणा, अस्वस्थता यांची. मधली जागा किती चिंचोळी आहे ते बघा. पहिल्या खेपेच्या रुग्णाला ५-१० मिलिग्रॅम सहज लिहून देणाऱ्या आपण सगळ्यांनी हा २.५चा आकडा डोळ्यांपुढे ठेवायला हवा.

उपचार

रिस्पेरिडोन आणि हॅलोपेरिडॉलच्या गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. मार्चचं इंजेक्शन दिलं नाही. टीएचपी २ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केली. त्याआधी काचबिंदू नाही आणि लघवी अडत नाही हे विचारून घेतलं. काट्यावर जायचं नव्हतं, त्यामुळे धूसर दिसण्याला त्याने हरकत घेतली नाही. ही गोळी कायमची नाही हेही सांगितलं. सरसकट सगळ्यांना ती आधीपासूनच देत राहू नये असं जागतिक आरोग्य संघटनेचंही मत आहे. ती स्मरणावर परिणाम करते, आणि पुढे जे झालं ते तिच्याचमुळे झालं.

घरच्यांना सगळ्यात अवघड गेलं ते थांबणं. इंजेक्शनमधलं हॅलोपेरिडॉल तेलात असतं, स्नायूतून झिरपत राहतं आणि त्याचा अर्धा भाग निघून जायला साधारण तीन आठवडे लागतात. तीन इंजेक्शनं झाली होती. "आज बंद केलं तर उद्या मोकळा व्हायला पाहिजे ना?" असं भाऊ विचारायचा. मी त्याला कॅलेंडरवर खुणा करून दिल्या. इथे निम्मं, इथे पाव, इथे त्याचंही निम्मं. त्या खुणांमुळे त्यांनी धीर धरला. त्याच झिरपणाऱ्या औषधामुळे आवाज परत येण्यापासूनही काही आठवडे आडोसा मिळाला.

बायकोचा प्रश्न वेगळा होता, आणि तो तिने नवऱ्यासमोर विचारला नाही. "हे परत पहिल्यासारखे तर नाही ना होणार? मला लाकूड चालेल, पण त्या रात्री नकोत." मला यावर लगेच काही बोलता आलं नाही. दोनपैकी एक निवडायची वेळ येऊ नये म्हणून प्रयत्न करतो आहोत, आणि आवाजाची पहिली चाहूल लागली तर वाट न बघता फोन करा, एवढं सांगितलं.

एप्रिलच्या मध्यावर ओलॅन्झापीन ५ मिलिग्रॅम रात्री, मग ७.५. त्याच्या आईला मधुमेह, म्हणून वजन, कंबर आणि उपाशीपोटीची साखर आधी नोंदवली. ओलॅन्झापीन अंग ताठर कमी करतं, पण वजन वाढवतं. सिम्पसन-अँगसची बेरीज मार्चअखेर १४, एप्रिलअखेर ८. आकड्यांची उंची ३, मग ४ मिलिमीटर. एप्रिलच्या त्या खेपेला तो आपणहून बोलला. "माले समदं समजे, पन आंगमा शिमिट भरेल व्हतं." सगळे आपल्याबद्दल काय बोलतायत ते त्याला कळत होतं, मुलगी जवळ आली की हसायचं होतं, ओठ हलत नव्हते.

मे महिना

इथे माझी चूक आहे. एप्रिलच्या खेपेत टीएचपी कमी करायला हवी होती. ताठरपणा निम्म्यावर आला होता आणि जळगावात पारा ४३च्या पुढे होता. "अजून आठ गुण आहेत, एक महिना राहू दे" असा विचार करून मी ती तशीच ठेवली.

टीएचपी घाम रोखते. अँटिसायकोटिक, म्हणजे हॅलोपेरिडॉल-ओलॅन्झापीनसारखी औषधं मेंदूतलं शरीराचं तापमान राखणारं केंद्र मंदावतात. दोन्ही घेणारा माणूस मेमध्ये खानदेशात उन्हात उभा राहिला तर त्याच्याकडे थंड होण्याचा मार्ग उरत नाही. आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, एका लग्नात तो दुपारी वरातीसोबत तासभर चालला. आपण बरे झालो हे गावाला दिसावं म्हणून चालला, असं त्याने नंतर सांगितलं. मांडवात येऊन तो कोसळला. ताप १०४, बरळणं सुरू. कोणी कांद्याचा रस चोळला, कोणी पन्हं पाजायला धावलं. भावाने ते पाजू दिलं नाही, शुद्ध नसलेल्या माणसाला तोंडाने काही द्यायचं नाही हे त्याला माहीत होतं, आणि गाडीत घालून थेट जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठ्या बघून मला फोन केला. प्रश्न अगदी योग्य होता: ऊन लागलंय की मॅलिग्नंट सिंड्रोम? मी म्हटलं, कोपर वाकवून बघा. ते म्हणाले, सैल आहे, कातडी तापलेली आणि कोरडी. मॅलिग्नंट सिंड्रोममध्ये अंग घामाने भिजलेलं आणि लोखंडासारखं कडक असतं. उष्माघातात बहुतेक वेळा सैल, आणि घाम रोखणारी गोळी पोटात असेल तर कोरडं. तरी दोन्हींत पहिलं काम एकच: औषधं थांबवा आणि अंग थंड करा. ओल्या चादरी, पंखा, काखेत आणि जांघेत बर्फ, सलाईन. सीपीके त्या दिवशी ६४०, दुसऱ्या दिवशी उतरणीला. तिसऱ्या दिवशी तो घरी गेला. टीएचपी तिथेच थांबली ती थांबलीच. ओलॅन्झापीन आठवड्याने पुन्हा सुरू केलं.

तेव्हापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी टीएचपीवर असलेल्या सगळ्या रुग्णांची यादी काढतो. ज्यांची बंद होऊ शकते त्यांची हळूहळू बंद करतो. ज्यांची होत नाही त्यांच्या घरी सांगतो: दुपारी शेत नाही, वरात नाही, डोक्यावर ओला रुमाल, आणि ताप आला तर त्याच दिवशी फोन.

त्यानंतर

जुलैत बेरीज ३, म्हणजे ०.३, सामान्याच्या काठावर. चालताना उजवा हात अजून थोडा कमी हलतो. ऑगस्टमध्ये, कानबाईच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, शेजारची खोली आपल्याबद्दल बोलते की काय असं त्याला दोन रात्री वाटलं. बायकोने वाट बघितली नाही, फोन केला. ओलॅन्झापीन १० केलं, दहा दिवसांत ते गेलं. वजन चार किलो वाढलंय, साखर अजून ठीक आहे, आणि या चार किलोंची मला काळजी आहे.

मालकाने नव्या हंगामात त्याला परत घेतलं आहे, पण काट्यावर नाही. गाठी मोजायला. त्याला काटा हवा आहे. त्याने माझ्याकडून एक वही नेली आहे, रोज रात्री त्यात तो वजनांच्या पाच ओळी लिहितो, मनातल्या मनात गाड्या काट्यावर चढवून. गेल्या खेपेला ती वही आणली होती. आकडे साडेपाच मिलिमीटर, ओळीच्या उजव्या टोकालाही. त्याने पट्टी स्वतःची आणली होती.